न मुरगळलेला पाय

बेळगावच्या वडगावातल्या ज्या गल्लीत मी राहते, तिथं पगारावर जगलेली मी एकटीच. बाकी सगळी घरं साड्यांच्या यंत्रमागांवर चालणारी. मी मूळची खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. मराठी शाळेत शिक्षिका झाले, लग्न काही जमलं नाही आणि पुढं ते जमवायचं कुणी मनावरही घेतलं नाही. नोकरीची शेवटची वर्षं शहराबाहेरच्या मच्छ्याच्या शाळेत काढली. निवृत्त झाल्यावर गावी परत जावं असं वाटलं होतं, पण तिथं भाऊ-भावजयांच्या घरात मी पाहुणी होते. चार दिवस झाले की कुणीतरी माझ्या पिशवीकडं बघायचं. मग नोकरीत असताना वडगावात घेतलेल्या दोन खोल्यांतच मी राहिले.

माझ्या खोलीच्या भिंतीला लागून शेजारचं घर. नवरा, बायको आणि दोन माग. मुलगी लग्न होऊन गोकाकला गेलेली. सूत व्यापाऱ्याचं, विणलेल्या साड्याही व्यापाऱ्याच्याच. यांचे फक्त हात आणि विजेचं बिल. शेजारीण माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असेल. मी तिला वहिनी म्हणायची आणि ती मला बाई. दुपारी उंबऱ्यात बसून ती कांड्या भरायची, म्हणजे मागावर चढवायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची. चार वाजले की हात पदराला पुसत माझ्या दारात यायची.

"बाई, च्या झाला काय?"

झाला असला तरी मी नाही म्हणायची. निवृत्तीनंतर मला रोज हाक मारणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. एखाद्या दिवशी मी उठले नाही तर ते सगळ्यात आधी हिला कळेल, असा एक हिशेब माझ्या मनात असायचा. तो तिला मी कधी सांगितला नाही.

एका वैशाखात तिच्या भावाच्या मुलीचं निपाणीला लग्न होतं. भाऊ तंबाखूच्या वखारीत कामाला. गल्लीतली नात्यातली माणसं गाडी करून निघणार होती. सकाळी गाडी येऊन थांबली आणि वहिनी मागच्या दारानं माझ्याकडं आली.

"बाई, तुमच्यात पायाला बांधायची पट्टी हाय काय?"

"काय झालं? मुरगळला?"

"न्हाय. बांधा की."

ती खुर्चीवर बसली आणि उजवा पाय पुढं केला. पाऊल धडधाकट होतं, टाचेला नेहमीच्या भेगा, सूज कुठंच नाही. मी तिच्याकडं बघितलं, ती भिंतीकडं बघत होती. मी पट्टी बांधली. मग ती लंगडत गाडीपर्यंत गेली, बायकांना पाय दाखवला, आणि नवऱ्याला एकट्याला पाठवून दिलं. गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर ती सरळ चालत माझ्याकडं परत आली.

मी भात टाकला होता. आम्ही दोघी जेवलो. जेवताना मी हळूच विचारलं, "का नाही गेलात?"

"नेसायला काय हाय, बाई? मागावरचं हाय ते दुसऱ्याचं. पेटीतलं हाय ते बघितलासाच की तुमी."

एवढंच ती बोलली. पुढं मी विचारलं नाही. कुणाला सांगू नका असंही ती म्हणाली नाही. तशी गरज तिला वाटली नसावी.

गल्लीसाठी म्हणून तिनं ती पट्टी पुढं चार दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी नळावरून येताना ती चुकून डाव्या पायानं लंगडली. मी दारातून डोळ्यांनीच खुणावलं. तिच्या लक्षात आलं आणि घागर खाली ठेवून ती पोट धरून हसली. मीही हसले. इतकं मोकळं मी त्याआधी कधी हसले होते, ते आठवत नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा माझ्याकडं आल्या. शहरातल्या काही संस्था मिळून एक काम करणार आहेत, मराठी-कानडी दोन्ही लिहिणारं माणूस हवंय, असं म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. कशासाठी ते नीट ऐकायच्या आधीच.

पहिली बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत झाली. महिला मंडळ, विणकरांची संघटना, कॅम्पातल्या एका चर्चचा सेवा गट, एका मशिदीची कमिटी, कन्नड साहित्याची आवड असणाऱ्यांचं एक मंडळ आणि वाचनालय, असे सगळे होते. आतापर्यंत यातला प्रत्येकजण आपापलं काम करत आला होता. विणकर संघटनेचे म्हातारे अण्णा उठून म्हणाले, "आमच्या गल्लीत एका घरात तीन चादरी आल्यात. एक तुमची, एक यांची, एक त्यांची. चादर नको हुती त्यास्नी. मागाचा पट्टा तुटला हुता. विचारलं न्हाय कुनी."

मग सेवा गटातल्या एक बाई म्हणाल्या की शहरात लोकांना हे पटतच नाही. वडगाव-शहापूरचे विणकर म्हणजे स्वतःचं घर, स्वतःचा माग, मग गरीब कसले, असंच सगळे म्हणतात. रस्त्यावर झोपलेला माणूस तेवढा त्यांना गरीब दिसतो. म्हणून ठरलं, की आधी हे लोकांपुढं मांडायचं. घरोघर जाऊन ऐकायचं, मोठ्या फलकांवर लिहायचं आणि प्रदर्शन भरवायचं. नाव नाही, फोटो नाही, फक्त हकीकत.

फलकावर वर मराठी की वर कानडी, यावर मात्र तासभर वाद झाला. बेळगावात तो होणारच. दोघे उठून जायच्या बेतात होते. शेवटी कन्नड मंडळातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "सभागृहाला दोन दारं आहेत ना? एका दारातून आलं की मराठी, दुसऱ्यातून आलं की कानडी. मधे सगळे भेटतील." वाद तिथंच मिटला. मला ते मास्तर फार आवडले.

मग मी फिरायला लागले. दोन महिने मला सकाळी उठायला कारण होतं. घरोघर बायका पाट द्यायच्या, पाणी द्यायच्या. सुरुवातीला सगळं ठीक आहे म्हणायच्या आणि उठायची वेळ आली की बोलायला लागायच्या. एकीनं सांगितलं की चष्मा फुटल्यापासून ती अंदाजानं तुटलेला धागा जोडते. एका म्हाताऱ्यानं सांगितलं की तो देवळात जातो ते पंख्याखाली बसायला, घरातला पंखा लावला की वीज मागाला पुरत नाही असं त्याला वाटतं. मी घरी येऊन सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची, आधी मराठीत, मग कानडीत.

चार वाजता वहिनी यायची तेव्हा मी लिहीतच असायची. "लई काम लागलंय बाई तुमच्या मागं," असं म्हणून ती आपणच चहा ठेवायची. मी काय लिहिते, ते तिनं विचारलं नाही. तिच्या घरी जाऊन मी विचारलं नव्हतं, हेही तिनं बोलून दाखवलं नाही.

फलक तयार झाल्यावर अध्यक्षांनी ते वाचले. म्हणाल्या, "छान आहेत. पण थोडे शाळेतल्या निबंधासारखे झालेत बघा. एखादा तरी असा हवा, की वाचणारा जागचा हलणार नाही."

मला ते लागलं. तीस वर्षं मुलांच्या निबंधांना मी शेरे मारले होते. माझ्या लिहिण्याला पहिल्यांदाच कुणी शेरा मारला होता. त्या रविवारी दुपारी मी दार लावून बसले आणि पट्टीची गोष्ट लिहिली. एक विणकर बाई. साड्या विणणाऱ्या घरातली. भाचीच्या लग्नाला जायला अंगावर घालण्यासारखी एक साडी नाही, म्हणून लाजेनं धडधाकट पायाला पट्टी बांधून घरी राहिली. नाव लिहिलं नाही, गल्ली लिहिली नाही, निपाणी लिहिलं नाही. हे सगळं गाळलं म्हणजे मी काही चूक करत नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर त्या दुपारी मला वहिनीची आठवणच आली नाही. मी लिहिण्यात रमले होते.

प्रदर्शन दोन दिवस चाललं. त्या फलकापुढं सगळ्यात जास्त लोक थांबले. टिळकवाडीकडच्या एक बाई तिथं डोळे पुसत उभ्या होत्या. कॉलेजातल्या मुली मोबाइलवर फोटो काढत होत्या. कन्नड दारातून आलेले लोकही तिथंच येऊन थांबत होते. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली, "हे यांनी लिहिलंय." लोक माझ्याकडं वळून बघत होते. इतक्या लोकांनी एकाच वेळी माझ्याकडं बघितल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. मला बरं वाटलं. ते मी आज लपवत नाही.

वहिनी प्रदर्शनाला आली नाही. मागावर काम होतं.

महिन्याभरानं तेच फलक निपाणीला न्यायचं ठरलं. तिथल्या विडी कामगार बायकांच्या संघटनेनं एका शाळेत जागा मिळवली होती, आणि पहिल्या दिवशी वखारींतल्या कामगारांनाही त्यांनी बोलावून आणलं. मी गेले नव्हते; त्या आठवड्यात मला ताप होता. वहिनीच मला पेज करून देत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ आला. मी त्याला त्याआधी एकदाच बघितलं होतं. दारात चप्पल काढायचं त्याला भान नव्हतं. तो आत गेला आणि पुढचं सगळं मला भिंतीतून ऐकू आलं. त्या दिवशी माग बंद होते.

"आक्का, तुझा पाय मुरगळला हुता काय?"

भिंतीपलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माझ्या गळ्याची शपथ घे. मुरगळला हुता काय?"

"कुनी सांगितलं तुला?"

"भिंतीवर लिवलंय. निपानीत. सगळी वखार वाचतीया. मी वाचत उभा हुतो आनि शेजारचा म्हनाला, कोन असंल रं ही बाई. मला कळलं, आक्का. मला पयल्या ओळीलाच कळलं."

मग तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन. ती त्याला गप ऱ्हा, गप ऱ्हा म्हणत होती. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. दुपारी तो गेला. जाताना माझ्या दारावरून गेला, पण आत बघितलं नाही. तो मला ओळखत असेल असं वाटत नाही.

त्या दिवशी चार वाजता मी चहा ठेवला आणि वाट बघितली. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतः गेले. ती उंबऱ्यात कांड्या भरत बसली होती. तिनं सरकून जागा दिली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. मी उभीच राहिले.

"वहिनी, मी नाव लिहिलं नव्हतं."

"न्हवतं खरं."

"माझं चुकलं."

चरखा फिरवता फिरवता ती म्हणाली, "तुमी लिवलासा की मी लाजून घरी ऱ्हायले. भावानं मोबाइलवर दाखवलं मला. मला वाचाया येतंय, बाई. मी लाजले न्हवते. कशाला लाजू? हातानं काम करून खातोय आमी. मी त्या जुन्या लुगड्यात गेली असती तर माझा भाऊ तितंच, मांडवात, सगळ्यांच्या म्होरं रडला असता. त्यो तसाच हाय, ल्हानपनापासनं. पोरीचं लगीन हुतं. म्हनून गेले न्हाय."

इतक्या घरांत मी बसले, सगळ्यांना विचारलं, लिहून घेतलं. जिच्या हातचा चहा रोज प्याले तिला लिहिण्याआधी काही विचारलं नाही. ती का गेली नाही, हे मीच ठरवून टाकलं आणि फलकावर लिहिलं. लोक रडले ते माझ्या लिहिण्यावर. तिच्यावर नाही.

"आता त्यो दर म्हैन्याला काय न काय घिऊन येईल," ती म्हणाली. "त्येचंच धड चालत न्हाय."

तिनं पुढची कांडी लावली. मी थोडा वेळ थांबले आणि परत आले.

पुढच्या बैठकीत मी तो फलक काढायचा म्हणून सांगितलं. अध्यक्षा नाराज झाल्या. "अहो, तोच तर लोकांच्या मनाला भिडतोय. चष्म्यांच्या तपासणीला डॉक्टर मिळाले ते त्याच्यामुळं. कामगार खात्याची माणसं ओळखपत्रं करून द्यायला गल्लीत आली, ती पण हे बघूनच." ते खरं होतं. आधी कधी न झालेली कामं त्या दोन-तीन महिन्यांत झाली होती. चष्मा फुटलेल्या बाईला चष्मा मिळाला होता. संस्था एकमेकींना फोन करून विचारू लागल्या होत्या की अमुक घराला काय हवंय. हे कुणी नाकारू शकत नाही.

मी सगळं सांगितलं, वहिनीचं नाव न घेता. कन्नड मंडळातले मास्तर मान खाली घालून ऐकत होते. ते म्हणाले, "बाई, फलक काढू या. आणि उरलेले सगळे ज्याचे त्याला वाचून दाखवू या. ते म्हणतील तेवढं ठेवायचं."

तसं ठरलं. कुणी खुशीनं, कुणी तोंड वाकडं करून. पट्टीचा फलक मी घरी आणला आणि फाडून बादलीतल्या पाण्यात भिजवून टाकला, म्हणजे कुणाच्या हातात तो परत पडायला नको. त्याचे फोटो मात्र किती मोबाइलांत राहिले असतील, त्याला काही इलाज नव्हता.

उरलेले फलक घेऊन मी पुन्हा दारोदार गेले. वाचून दाखवायला लागले की लोक वेगळेच व्हायचे. पंख्याखाली बसणाऱ्या म्हाताऱ्यानं देवळाचं नाव काढून टाकायला लावलं. एकीनं सगळंच खोडायला सांगितलं; म्हणाली, "हे खरं हाय, पन माझ्या सुनंनं वाचू नये." एकीनं उलट आणखी दोन वाक्यं घालायला लावली. फलक आता तेवढे मनाला भिडणारे राहिले नाहीत. पुढच्या प्रदर्शनात खानापूरला लोक भराभर वाचून पुढं सरकत होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. संध्याकाळी परत येताना मात्र बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसायची आणि घरी जाऊच नये असं वाटायचं.

कारण घरी गेलं की भिंत होती. वहिनीनं माझ्याशी भांडण केलं नाही. समोर आली की "जेवलासा काय?" विचारायची, मी हो म्हणायची, आणि ती पुढं जायची. पूर्वी ती उत्तरासाठी थांबायची. तापात तिनं करून दिलेल्या पेजेचं पातेलं माझ्याकडं राहिलं होतं, ते मी स्वच्छ घासून त्यात थोडे लाडू घालून दिलं. दुसऱ्या दिवशी लाडवांबद्दल ती गल्लीतल्या बायकांसमोर चांगलं बोलली. पण चारचा चहा काही परत सुरू झाला नाही. दोन कप पाणी ठेवायची सवय सुटायला मला बरेच दिवस लागले.

त्या हिवाळ्यात त्यांनी दोन्ही माग मोडीत काढले. टेम्पो आला, माणसांनी लोखंड भरलं. नवरा रस्त्यावर पाठमोरा उभा होता. त्याला मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पहाऱ्याचं काम मिळालं होतं, आणि तिथंच जवळ खोली घेतली होती. निघताना वहिनी माझ्याकडं आली. घरात आली नाही, दारातच उभी राहिली.

"येतो बाई. संबाळून ऱ्हावा."

मी हळद-कुंकू आणायला आत वळले. बाहेर येईपर्यंत ती टेम्पोत बसली होती. मी तिथं जाऊन कुंकू लावलं. तिनं मान खाली करून लावून घेतलं.

संस्थांचं काम अजून चालू आहे. आता आम्ही फक्त विणकरांपुरते राहिलो नाही. कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्यांच्या वस्त्यांमध्येही जातो. मध्यंतरी मच्छ्याची पाळी आली. यादीत कुठल्या गल्ल्या आहेत ते मी बघितलं आणि माझे कागद महिला मंडळातल्या एका तरुण शिक्षिकेला दिले. पाय दुखतोय असं खोटं निमित्त मला सांगवलं नसतं, म्हणून मी सरळ सांगितलं की तिकडं मला जायचं नाही. का, ते तिनं विचारलं नाही.

संध्याकाळी ती कागद परत द्यायला आली. पाणी प्यायली, कोण काय म्हणालं ते सांगितलं. उठता उठता म्हणाली, "एक बाई भेटल्या, आधी वडगावात होत्या म्हणे. माझ्या हातातल्या कागदांवरचं अक्षर बघून ओळखलं त्यांनी. तुमची चौकशी केली."

"काय विचारलं?"

"जेवणखाण नीट करतात काय, असं. आणि शेजारी कोण राहायला आलंय काय, ते."

"मग तू काय सांगितलंस?"

"मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, आलं असेल कुणीतरी."

शेजारच्या घराला अजून कुलूप आहे. ते मी तिला सांगितलं नाही. कोपऱ्यापर्यंत तिला सोडायला गेले, रिक्षा मिळेपर्यंत थांबले आणि मग घरी आले.